माशांचा फॅन

सोलापुरात समुद्र न्हाय. हे कुणाला सांगायला पायजे असं न्हाय, पण आमच्या बसूला ते लहानपणीच कुणीतरी नीट दरडावून सांगायला पायजे होतं. गल्लीतली पोरं क्रिकेटवर, गाड्यांवर जीव टाकायची, आणि आमचं हे एकुलतं एक कार्टं मोबाईलवर प्रवाळ बघत बसायचं. पहिल्या पगारात माणूस आईला साडी घेतो, बापाला चपला घेतो. ह्यानं काय घेतलं? दोन फूट लांब काचेची पेटी, पुण्याहून मागवलेली समुद्राच्या मिठाची पिशवी, आणि पाठोपाठ पाण्याच्या फुगीर पिशवीतनं दोन मासे. नारंगी अंगावर पांढरे पट्टे. पुढच्या खोलीत दिवाणाच्या पायथ्याशी पेटी मांडली आणि मला म्हणला, "अव्वा, मोठा मासा हाय ना, ती बायको. बारका तो नवरा."

"बरोबर हाय," मी म्हणलं, "कामं करून करून फुगली असंल."

ह्याला दोन वर्षं झाली. आता मासे हितं हायत, आणि पोरगं तिकडं मालवणला.

तो कसा गेला ते सांगते, म्हणजे पुढचं कळंल. ह्यांनी, म्हणजे बसूच्या अप्पांनी, चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात फिटर म्हणून सारी उमर घातली. नोकरीतनं सुटताना साहेबांना गळ घालून बसूला तितंच स्टोअरला चिकटवलं. "प्रभुअण्णाचा पोरगा" म्हणून घेतलं त्याला, न्हायतर आजकाल कोण विचारतंय? आणि ह्या बहाद्दरानं एक दिवस येऊन सांगितलं, राजीनामा दिला. मालवणला जाणार. लोकांना समुद्रात बुडी मारायला शिकवणार.

"लोक पैसे देऊन बुडतात?" ह्यांनी विचारलं.

"व्हय," बसू म्हणला, "आणि वर बी येतात."

मला हसू आलं. ह्यांना न्हाय आलं. कारखान्यात ह्यांचा शब्द गेला होता. शब्दाला शब्द वाढला आणि शेवटी ह्यांच्या तोंडातनं निघून गेलं, "जा. पण परत ह्या उंबऱ्यावर पाय ठेवू नकोस." बाप तसा बेटा. बॅग भरली, माझ्या पाया पडला, माशांना खायला घातलं, आणि गेला.

दिवाळीला आला न्हाय. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेला आला न्हाय. मी एकदा फोनवर म्हणलं, "बसू, ये की रे." तो म्हणला, "अप्पा बोलवू देत, येतो." मी तसंच ह्यांना सांगितलं. हे म्हणले, "आला तर हाकलणार न्हाय. पण बोलवणार न्हाय." झालं! दोघांच्या मधी माझा पार भुगा.

फोन यायचा तो बी पंधरा दिवसांनी. पोरगं मुळातच अबोल. "बरी हायस? मासे बरे हायत? ठेवतो." मी फोन कानाला लावून तशीच उभी राहायची, कट झाल्यावर बी. आईनं कुणाला सांगायचं हे?

मग चैत्र तापला. एका सकाळी बसूनं विचारलं, "अव्वा, काचेवर थर्मामीटर हाय बघ. किती हाय?" मी वाकून बघितलं. एकोणतीस. दुपारी परत फोन. तीस. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन, दुपारी फोन. तिसऱ्या दिवशी तसंच. खरं सांगते, लाज वाटते सांगायला, पण मला तो उन्हाळा गोड लागायला लागला. बाकीचं सोलापूर उन्हाला शिव्या द्यायचं आणि मी मनात म्हणायची, तापू दे बाबा अजून.

पण मासे मेले तर? मासे मेले की फोन मेला. हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या जिवावर माझं पोरगं माझ्याशी बोलत होतं.

मी घरी कडक भाकऱ्या करून दुकानांना देते. ज्वारीची भाकरी पातळ थापायची, भाजायची, आणि मग मंद आचेवर कडकडीत वाळवायची, पापडासारखी मोडंल अशी. आतल्या खोलीत सकाळपासून शेगड्या पेटलेल्या, वर पत्रा. घराची आधीच भट्टी. हात पिठात असतात म्हणून फोन मी पिठाच्या डब्यावर उभा करते आणि स्पीकरवर टाकते. त्यामुळं बसू बोलतो ते साऱ्या घराला ऐकू जातं. घर म्हणजे काय, मी आणि पुढच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडलेले हे. झोपलेत म्हणायचं. बसूचा फोन आला की ह्यांचं घोरणं बंद होतं, एवढंच.

"अव्वा, असंच तापत गेलं तर ते मरतील," बसू म्हणला. "गरम पाण्यात त्यांना श्वास पुरत न्हाय."

"मग बर्फ टाकते की."

"बर्फ न्हाय! एकदम गार, परत एकदम गरम, त्यानं आधी मरतील. फॅन लाव. बारका. पाण्यावर तिरकं वारं जाईल असा. पाणी सुकतं तसं गार होतं, आपल्या माठासारखं."

माठासारखं म्हणल्यावर मला कळलं. आधीच सांगायचं की!

फोन ठेवून मी पुढं आले तर हे दिवाणावर न्हाईत. माळ्यावर चढलेत! गुडघ्यामुळं देवळाची पायरी चढत न्हाय हा माणूस, आणि शिडी लावून माळ्यावर.

"काय शोधायलाव?"

"टेबलफॅन. मला उकडायलंय."

लोखंडी, जड टेबलफॅन त्यांनी खाली आणला, फडक्यानं पुसला, तेल घातलं, आणि स्टुलावर ठेवला. तोंड पेटीकडं.

"तुमाला उकडायलंय आणि फॅनचं तोंड माशांकडं?"

"प्लग तितंच हाय," हे म्हणले आणि परत भिंतीकडं वळले.

फॅन सुरू झाला आणि आमच्या समुद्रात वादळ आलं. पाणी काचेवरनं उसळून फरशीवर, फरशीवरनं दिवाणाखाली. मासे कोपऱ्यातल्या दगडामागं जाऊन बसले. दुपारी फोन आला तर बसूनं आधी आवाजच ऐकला. "अव्वा, हे काय घरघरायलंय? लोखंडी फॅन? आजोबांचा? अगं, खारं पाणी लागून गंज धरंल, तो गंज पाण्यात पडंल! त्यापेक्षा मारून टाक त्यांना. कुणी लावला?"

मी दाराकडं बघितलं. दिवाणाची कुरकुर बंद झाली होती.

"मीच लावला," मी म्हणलं. "मला काय कळतंय?"

फोन संपल्यावर हे उठले. प्लग काढला. फडकं घेऊन गुडघ्यावर बसून सारी फरशी पुसली. दुसऱ्या दिवशी बघते तर फॅन भंगारवाल्याला देऊन मोकळे! माझ्या बापानं लग्नात दुधनीहून आणून दिलेला फॅन. मी दुधनीची, राग आला की माझ्या तोंडातनं कन्नडच निघतं. पण त्या दिवशी ह्यांचं तोंड इतकं उतरलं होतं की मी गिळलं. एवढ्या वर्षांचा फिटर, आणि पोरगं म्हणतंय मारून टाक.

मग मीच नवी पेठ गाठली. इलेक्ट्रिकचं दुकान, गर्दी ही! जो तो कूलरच्या मोटरी घेऊन उभा.

"काय देऊ मावशी?"

"बारका फॅन."

"कशाला पायजे? बाळाच्या पाळण्याला? किचनला?"

"माशाला."

दुकानदारानं मान वर केली. शेजारचं गिऱ्हाईक हसलं. "मावशी, मासा तळायचा का वाळवायचा?"

"माशाला उकडायलंय," मी म्हणलं. "तुमी दाखवा. हसायचं मागनं हसा."

त्यानं काउंटरवर तीन फॅन ठेवले. एक गुलाबी, चार्जिंगचा, बटण दाबलं की दिवा बी लागायचा. एक मोठा, चिमट्याचा, वारं असं की काउंटरवरची बिलं उडाली. आणि एक तळहाताएवढा, काळा, प्लास्टिकचा, चिमटा आणि वाकणारी मान, मोबाईलच्या चार्जरवर चालणारा. आता ह्यातनं निवडायचं कसं? बसूनं फोटो पाठवले होते, पण फोटोत वारं कुटं कळतंय? मी पिशवीतली बाटली काढली, हाताचा पंजा ओला केला आणि एकेका फॅनपुढं धरला. मोठ्यानं थेंब उडवून लावले. गुलाबीचं वारं मधीच बसायचं, आणि चार्जिंग किती टिकतं विचारलं तर दुकानदार छताकडं बघायला लागला. आमच्या माशांना उकाडा दिवसभर हाय म्हणलं, दोन तास न्हाय. काळ्यानं मातर हात गुमान गार पडत गेला, आणि थेंब एक उडाला न्हाय. आत लोखंड कुटं दिसतंय का ते बघितलं. बाहेरनं तरी न्हवतं.

"हाच," मी म्हणलं.

"मावशी, तुमी कूलर घ्यायला येताल तवा बादली घेऊन येताल," दुकानदार म्हणला. हसू दे. मला त्याच्या हसण्याचं काय करायचंय?

घरी ह्यांनी फॅन हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "प्लास्टिक. चार दिवसांत मोडंल." मी भाकऱ्यांना लागले. तासाभरानं बाहेर येऊन बघते तर चिमटा पेटीच्या कडेला बसवलेला, वरनं सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळलेली, निसटून पाण्यात पडू नये म्हणून. वायरला मधी एक वळसा खाली सोडलेला, पाणी ओघळलं तर प्लगात जाऊ नये म्हणून. हे भिंतीकडं तोंड करून घोरायलेत. घोरणं बी खोटं.

"किती?" दुपारी बसूनं विचारलं.

"अठ्ठावीस!"

"अव्वा!" एवढंच म्हणला, पण कसं म्हणला. दहावीचा निकाल लागल्यावर असा ओरडला होता.

तितंच थांबायला पायजे होतं. पण सोलापूरच्या माणसाचं सारं शहाणपण कूलरपाशी येऊन थांबतं. ऊन त्रेचाळीसवर गेलं. फॅननं एवढं गार होतंय तर कूलरनं किती होईल? मी कूलरमध्ये पाणी भरलं, नवी वाळ्याची ताटी लावली, कूलरचं तोंड पेटीकडं केलं, आणि गारवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडकी लावली, दार लावलं. हे बी खूष. पहिल्यांदा माशांच्या निमित्तानं त्यांच्या अंगावर गार वारं. वाळ्याचा असा वास सुटला की मला वाटलं, मासे आता आशीर्वाद देतील.

दुपारी थर्मामीटर बघितलं. तीस. मी डोळे चोळले. संध्याकाळी एकतीसच्या वर. फॅन चालू, कूलर चालू, आणि पाणी तापायलंय! सकाळी मोठी मासळी, ती बायको, पार वर पाण्याच्या तोंडाशी आली आणि तोंड उघडझाप करायला लागली. बारका तिच्याभोवती नुसता फिरायचा. मला ते बघवंना.

"बसू, वर आलीय ती," मी फोनवर सांगितलं. "तोंड वासायलीय."

तो मग म्हणला, "अव्वा, मी हितनं काय करू?" आवाज फुटला त्याचा. एवढा थोराड पोरगा. "मी हितनं काय करू सांग की."

ये, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. दिवाण कुरकुरला. मला वाटलं आता हे काहीतरी म्हणतील. न्हाय म्हणले. मी बी न्हाय म्हणले. फोन ठेवला आणि पिठाच्या हातानंच डोळे पुसले, ते आणखी चुरचुरले.

त्याच दुपारी दुकानातनं निरोप आला की सकाळच्या भाकऱ्या वातड निघाल्या. माझी भाकरी वातड? आजवर कुणी म्हणलं न्हवतं. मी तणतणत पुढच्या खोलीत ठेवलेल्या बुट्टीतनं एक भाकरी काढली, मोडायला गेले, तर ती वाकली. कडक भाकरी, आणि पोळीसारखी वाकली. खोलीत दमट असं की भिंतीला हात लावला तर चिकटंल. कूलर लावला की बुट्टी आत ठेवायची, हे मला काय नवीन हाय का? पण माशांच्या नादात इसरले. आणि भाकरी तशीच हातात धरून पेटीपुढं उभी राहिले, तवा माझं डोकं चाललं. अगं बाई, ह्या खोलीत वाळलेली भाकरी ओली व्हायलीय, मग पाणी सुकंल कुटनं? आणि सुकलं न्हाय तर गार कसं होईल?

मी कूलर बंद केला, खिडकी उघडली, दार उघडलं. उन्हाचा झोत आत आला. हे ताडकन उठून बसले.

"मारतीस का मला?"

"सुम्न कुंद्रि!" माझ्या तोंडातनं गेलंच. गप बसा म्हणलं नवऱ्याला. "तुमी शेजारच्या चिमाबाईच्या घरी जाऊन पडा, त्यांच्याकडं कूलर हाय. हितं आता कूलर लागणार न्हाय."

ते गेले न्हाईत. बघत बसले, पेटीकडं. संध्याकाळपर्यंत पाणी एकोणतीसवर आलं. दुसऱ्या दिवशी सत्तावीस. मासळी खाली उतरली, आणि खायला टाकलं तर नवऱ्याच्या तोंडातलं ओढून खाल्लं. बरी झाली म्हणायची!

तेव्हापासनं भर दुपारी हे डोक्यावर ओला टॉवेल टाकून बसायचे, घामानं निथळत. मला राहवंना. म्हणलं, "तासभर लावा की कूलर, एवढ्यानं काय होतंय?" तर म्हणले, "लाइटबिल लई यायलंय." लाइटबिल! ह्या माणसानं जन्मात कधी लाइटबिल बघितलं न्हाय. ते मीच भरते.

फॅननं पाणी भराभर आटायला लागलं. मी रोज सकाळी फिल्टरचं पाणी वर ओतायची. बसूनं घाबरून विचारलं, "मीठ घातलं न्हाईस ना त्यात?"

"मीठ कशाला घालू? आमटी आटली तर पाणी घालतात. परत मीठ घातलं तर खाणार कोण?"

तो हसला. मालवणला गेल्यापासनं पहिल्यांदा हसला. म्हणला, "अव्वा, तू हितं ये, तुला नोकरी देतो." आणि मग इकडचं तिकडचं बोलला, जेवायला काय मिळतं, खोलीत कोण कोण हाय, तितला भात कसा जाड असतो. मी भाकऱ्या थापत ऐकत होते. आत तवा तापलेला, अंगाला घामाच्या धारा, आणि मला असं सुख की काय सांगू. पुढच्या खोलीत घोरणं पार बंद.

सव्वीस. साडेसव्वीस. सव्वीस. आठ दिवस पाणी हाललं न्हाय. आणि मग एका सकाळी बसू म्हणला, "अव्वा, आता जमंल."

"काय जमंल?"

"न्यायला. तापलेल्या पाण्यातले मासे वाटेत मरतात, म्हणून थांबलो होतो. माझा मित्र हाय पुण्याला, अनिलकुमार. तो परवा येईल डबा घेऊन, मासे घेऊन जाईल, पेटी बी. त्याच्याकडं मोठा टँक हाय. मी हितं वर्षाच्या बोलीवर खोली घेतलीय आता." वर म्हणला, "तुला बी किती पिडायचं, अव्वा? रोज दोन-दोन फोन. मासे गेले की तू बी सुटशील."

मी सुटणार! माझे हात पिठातच राहिले. "मला कसला तरास हाय रे," मी म्हणलं, पण ते त्यानं ऐकलं का न्हाय कोण जाणे. त्याला कुणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला.

मी बाहेर आले. हे दिवाणावर उठून बसलेले, पाय खाली सोडून, नजर पेटीत. बारका फॅन आपला भिरभिर चाललेला. त्या फॅनचा मला असा राग आला म्हणता! नवी पेठेत हात ओला करून करून मीच निवडला होता तो. मीच पाणी गार केलं. माझ्या हातानं मी माझ्या पोराचा फोन बंद केला.

"ऐकलं ना?" मी ह्यांना म्हणलं. "परवा मासे जातील. मग त्याला ह्या घरात विचारायला काय उरलं? तुमी बोलवू नका. त्यानं येऊ नये. मी दोघांच्या मधी मरते."

"मी काय केलं आता?" हे म्हणले.

"काय न्हाय केलं. तेच तर!"

त्या दिवशी आमी दोघं जेवलो, पण कुणी कुणाला वाढलं न्हाय. आपापलं घेतलं. दुपारचा फोन आला, मी आकडा सांगितला आणि ठेवला. दुसऱ्या दिवशी बी तसंच. संध्याकाळी ह्यांनी पेटीची काच बाहेरनं पुसली. मी विचारलं न्हाय कशाला, त्यांनी सांगितलं न्हाय.

परवाचा दिवस उजाडला. मी पहिली भाकरी तव्यावर टाकली आणि फोन वाजला.

"अव्वा, अनिलकुमार गाडीत बसलाय. दुपारपर्यंत पोचंल. किती हाय पाणी?"

मी दारातनं वाकून बघितलं. हे पेटीजवळच खुर्ची टाकून बसले होते, टॉवेल खांद्यावर. थर्मामीटरचा आकडा मला लांबनंच दिसला. सव्वीस. मासे फॅनच्या खाली निवांत फिरत होते, नवरा-बायको, जोडीनं.

"एकतीस," मी म्हणलं.

त्या लोखंडी फॅनचं सोडलं तर मी उभ्या जन्मात पोराशी खोटं बोलले न्हवते.

"एकतीस? काल सव्वीस होतं की! फॅन चालू हाय ना?"

"चालू हाय. तरी वाढलं."

"अरे देवा. मग आज न्यायला नको. त्याला कुर्डुवाडीलाच उतरायला सांगतो." बसूनं उसासा टाकला. "ठीक हाय. दोन-चार दिवस बघू. संध्याकाळी फोन करतो, अव्वा. ठेव..."

"थांब," कुणीतरी म्हणलं.

हे दारात उभे होते. मला वाटलं आता माझं खोटं उघडं पाडणार. ह्या माणसाला खोटं खपत न्हाय, कारखान्यात त्यापायी भांडणं केलेली ह्यांनी. ते गुडघा धरत आत आले, परातीपाशी वाकले आणि पिठाच्या डब्यावरच्या फोनला म्हणले, "एकतीस न्हाय. तुझ्या आईला डोळ्यानं दिसत न्हाय. बत्तीस हाय."

"बत्तीस हाय," हे परत म्हणले, मोठ्यानं, बहिऱ्या माणसाला सांगावं तसं. त्यांचा हात परातीच्या कडेवर होता. "मोठी वर आलीय. आमाला दोघांना कळंना काय करायचं. तू ये. तूच येऊन बघ."

बसू काय बोलला न्हाय. पण त्यानं फोन बी ठेवला न्हाय. आकडे चालले होते फोनवर, सेकंदाचे, ते मला दिसत होते. हे तसेच वाकून उभे, गुडघा दुखत असणार, सरळ होईनात. मी बसूच्या अप्पांचं तोंड बघितलं आणि थापायला घेतलेली भाकरी थापायची थांबले, हाताचा आवाज नको म्हणून. तव्यावरची करपायला लागली. मी ती काढली न्हाय.